तंबोरा, दादा आणि सहा स्पीकर

आमच्या घरात आजवर किती स्पीकर आले याची परवा बोटांवर मोजदाद केली. माहेरचा रेडिओ धरला तर सहा होतात. नातीचा तो डब्यासारखा ब्लूटूथवाला यात धरलेला नाही, कारण तो तिचा आहे आणि ती गेली की तोही तिच्या सॅकमधून जातो. सहावा सध्या माझ्या कानात आहे. त्याच्याबद्दल शेवटी सांगते, कारण खरं तर त्याच्यामुळेच हे सगळं लिहायला बसले.

स्पीकर चांगला की वाईट हे ठरवायची प्रत्येकाची आपापली रीत असते. दुकानदार मोठ्ठा ढोल-ताशा नाहीतर सिनेमातली मारामारी लावून दाखवतो. आमचे हे बातम्या लावतात, आणि निवेदकाचं नाव नीट ऐकू आलं की स्पीकर पास! मी मात्र तंबोरा ऐकते. गाणं नंतर. आधी नुसता तंबोरा.

याचं कारण माझं माहेर मिरजेचं. शाळेला जायचा रस्ता सतारमेकर गल्लीवरून. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे टांगलेले असायचे आणि दुकानाच्या फळीवर मांडी घालून कारागीर जवारी काढत बसलेले असायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते (शिक्षिकेची खोड, जात नाही). तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, अगदी नकळत उतरता घासलेला असतो. तार त्यावर टेकते-न टेकते अशी थरथरते. मग तारेखाली सुताचा एक धागा घालून तो पुढेमागे सरकवायचा. धागा चुकीच्या जागी असेल तर तार मुकी वाटते, नुसती टणटण करते. नेमक्या जागी आला की तीच तार एकदम उघडते आणि एका सुरातून दहा सूर झिरपायला लागतात. हे मी दप्तर पाठीवर घेऊन, प्रार्थनेची घंटा चुकवून, किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा फार बरं वाटलं.

तर तंबोरा. काळी एकला जुळवलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झवर असतो आणि जवारीतून उठणारे वरचे सूर काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. म्हणजे एकाच वाद्यात स्पीकरच्या तळाचीही परीक्षा आणि माथ्याचीही. शिवाय तो थांबत नाही. ढोलाचा ठोका पडला आणि गेला, स्पीकरने काय चोरलं ते कळायच्या आत दुसरा ठोका. तंबोरा मात्र तासभर तसाच उभा असतो, आणि स्पीकरला लपायला जागा उरत नाही.

पहिला स्पीकर म्हणजे अण्णांचा मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ. (तो तोंडावर बोट ठेवलेला गुटगुटीत मर्फी बाळ आमच्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल.) बटण फिरवल्यावर आवाज यायला अर्धा-एक मिनिट लागायचं आणि तेवढ्यात सगळे सतरंजीवर जागा पकडायचे. पुढे सोनेरी कापड, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा. आईने तो कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला होता, उंदीर आणि आम्ही मुलं दोघांपासून लांब म्हणून. त्या कोपऱ्याची कमाल मला फार पुढे कळली. दोन भिंती जिथे मिळतात तिथे स्पीकर ठेवला की खालच्या सुरांना भिंतींचा आधार मिळतो आणि ते भरदार होतात. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं, तेव्हा मी तेरा वर्षांची. रात्रीच्या मैफलीत तंबोऱ्याचा तो कोपऱ्यातून येणारा घुमारा ऐकला की दादा, माझा थोरला भाऊ, म्हणायचा, "बघ, भिंत गातीय."

दुसरा एचएमव्हीचा फिएस्टा. पुण्यात नोकरी लागल्यावर, १९७६ साली, स्वतःच्या पगारातून घेतलेला. सुटकेससारखं झाकण उघडायचं, त्या झाकणातच स्पीकर. रेकॉर्ड खालच्या भागात फिरायची आणि झाकण टेबलावर समोर उभं करायचं. आम्ही तिघी शिक्षिका एका खोलीत राहत होतो आणि तिघींत मिळून पाच रेकॉर्डी. त्यातली किशोरीताईंची भूपाची माझी. आता तळहाताएवढा तो स्पीकर, त्याला ७० हर्ट्झचा खर्ज कुठून काढता येणार? येत नव्हताच. पण आम्हाला ऐकू यायचा! ही फसवणूक कानाची. खर्जाचे वरचे अंश-सूर पोचले की खालचा मूळ सूर मेंदू आपल्या पदरचा घालतो. कवितेच्या दोन ओळी दिल्या की वर्गातली हुशार मुलगी तिसरी आपणहून म्हणते, तसंच. छोट्या रेडिओवर आपण पुरुषांचा आवाज ओळखतो तो याच जोरावर. फिएस्टाने मला खर्ज दिला नाही, पण खर्जाची आठवण दिली, आणि त्या वयात तेवढं पुरलं.

आता तिसऱ्याकडे येते. माझे सगळ्यांत लाडके.

१९८५ सालची दिवाळी. दादा मिरजेहून आला तो कपड्यांच्या पिशवीऐवजी वहीत आकडेमोड घेऊन. रेल्वेत नोकरी, शिक्षण मॅट्रिक, पण इंग्रजी मासिकं मिळवून शब्दकोश घेऊन वाचायचा. त्याने मला एडगर व्हिल्चर या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली. हा मूळचा शिकवणारा, न्यूयॉर्कच्या विद्यापीठात ध्वनीबद्दल वर्ग घेणारा. त्याच्या आधी खोल आवाज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. व्हिल्चरने १९५४ साली एआर-१ नावाचा स्पीकर काढला आणि ते उलटं करून दाखवलं. स्पीकरचा कोन एरवी स्वतःच्या कडेच्या ताणाने जागेवर परत येतो, आणि हा ताण मोठ्या हालचालीला सारखा राहत नाही, म्हणून आवाज फाटतो. व्हिल्चर म्हणाला, कड ढिली ठेवा, पेटी पूर्ण हवाबंद करा आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्या. हवेची स्प्रिंग जास्त प्रामाणिक. पेटी लहान, आवाज खोल. किंमत एकच, ॲम्प्लिफायरला जास्त जोर लावावा लागतो.

"ताई, आपण हे करायचं," दादा म्हणाला. मी धाकटी, पण तो मला ताईच म्हणायचा. मी शिक्षिका झाल्यापासून.

तपकीर गल्लीतून आठ इंची दोन वूफर आणि दोन ट्वीटर आणले. पाऊण इंची प्लाय आमच्या गल्लीतल्या सुताराने कापून दिला आणि वर सनमायका लावू का म्हणून तीनदा विचारलं. आत भरायला लोकर की काचेची लोकर असं काहीतरी मासिकात दिलं होतं. दादाने आमची जुनी गादी उसवली. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला, तो पेटीत भरताना घरभर पांढरं झालं आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी कमी बोलल्या. सांधे फेव्हिकॉलने आणि लांबीने बंद केले. हवाबंद झाली की नाही याची दादाची परीक्षा साधी होती. कोन बोटांनी हलकेच आत दाबायचा आणि सोडायचा. पटकन उसळला तर पेटी गळते आहे. सावकाश, आळोखेपिळोखे देत वर आला तर झालं. पहिल्या रात्री एक पेटी गळत होती. मागे तारेच्या भोकाशी. तिथे त्याने मेणबत्ती ओतली.

वूफर आणि ट्वीटर यांच्यात कामाची वाटणी करायला एक कपॅसिटर, ४.७ मायक्रोफॅरडचा. आठ ओहमच्या ट्वीटरबरोबर त्याचा हिशेब सुमारे ४,२०० हर्ट्झचा निघतो. त्याच्या वरचं ट्वीटरने गायचं, खालचं प्रामुख्याने वूफरने. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या पेट्यांतून पहिल्यांदा तंबोरा लावला तेव्हा दादा काहीच बोलला नाही. मीही नाही. आतून सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "कोण आलंय गं?" यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मला सुचत नाही.

मग सुरू झाला जागेचा प्रश्न. स्पीकर विकत आणता येतो, खोली आणता येत नाही. आमची खोली बारा बाय दहा, फरशी शहाबादी, भिंती कोऱ्या. टाळी वाजवली की टणत्कार. लोखंडी कपाट ठराविक सुराला थरथरायचं, विशेषतः भीमसेनजींच्या खालच्या पंचमाला. कपाटाच्या दाराशी पोस्टकार्ड दुमडून घातलं. समोरच्या भिंतीवर आईने शिवलेली गोधडी टांगली, पाहुणे म्हणायचे छान कलात्मक आहे, आम्ही हो म्हणायचो. पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला नेलं, उंच-बुटक्या पुस्तकांवर आवाज फुटून विखुरतो म्हणून. सगळ्यांत उपयोगी पडली ती मराठी विश्वकोशाच्या जाडजूड खंडांची रांग. वाचायलाही पडली, पण ते नंतर!

चौथ्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. १९९७ साली मुलाच्या आग्रहाखातर एका नामांकित कंपनीची तीन सीडींची सिस्टिम आली. खोक्यावर २,००० वॅट पीएमपीओ असं इस्त्रीच्या दुप्पट वॅटचं लिहिलेलं, आणि भिंतीतून वीज ओढायची ती शंभरएक वॅट. पीएमपीओ हा आकडा म्हणजे एका क्षणाच्या लाखाव्या भागात काय निघू शकेल याची कविकल्पना. निळे दिवे नाचायचे. तंबोरा लावला तर टेबलफॅन वाटायचा. आठ-नऊ वर्षांत वूफरच्या कडेचा फोम पुण्याच्या पावसाळी हवेत बिस्किटासारखा चुरा झाला. दादाच्या वूफरची कड कापडाची होती, ती अजून शाबूत आहे.

पाचवे मी निवृत्त झाल्यावर, २००८ साली, माझ्या पैशातून घेतलेले व्हार्फडेल डायमंड. मुंबईच्या दुकानात मी विचारत होते आणि विक्रेता उत्तरं यांना देत होता. "सर, बेस बघा." हे बिचारे छताकडे बघत होते. शेवटी मी पर्समधून तंबोऱ्याची सीडी काढून दिली तेव्हा तो माझ्याकडे वळला. व्हार्फडेल काढणारे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ साली यॉर्कशायरमधल्या इल्कली गावी घराच्या तळघरात पहिले स्पीकर बनवले, आणि १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लोकांना बोलावून खरं वादन आणि स्पीकरमधलं वादन एकापाठोपाठ ऐकवलं. असा आत्मविश्वास मला आवडतो. आमच्यापर्यंत आले ते अर्थात चीनमध्ये तयार झालेले, कंपनीची मालकीही बदललेली. पण स्वच्छ होते. किशोरीताई सुरावर यायच्या आधी घेतात तो श्वास मला बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आला. जवारीचा प्रत्येक पदर सुटा. खर्जाला मात्र दादाच्या पेट्यांचं वजन नाही. पाच इंची वूफर आणखी किती देणार? ते आता नाशिकच्या भाच्याकडे आहेत. (बाबा रे, वापरत असशील तर भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. आणि वर कुंडी ठेवू नकोस.)

दादा २०१४ साली गेला. दोन वर्षांनी त्याच्या पेट्यांतला एक ट्वीटर मंद वाटला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. असे कपॅसिटर वर्षांनी सुकतात, ते बदलायचे ठरलं. वूफर काढला तर आत कापूस तसाच, जरा पिवळसर. तो बाजूला सारला आणि मागच्या फळीवर पेन्सिलीने दादाचं अक्षर दिसलं. "डावा. ताईकडे." त्याखाली तारीख आणि पेटीच्या आकारमानाचा गुणाकार, हातचा वगैरे मांडून. दुसरीत "उजवा. ताईकडे." मी दुरुस्तीवाल्याला चहा केला. कापूस जसा होता तसाच परत भरायला सांगितला.

नवे कपॅसिटर छान चालले. पण पुढच्या तीन-चार वर्षांत जवारी पुन्हा मिटत चालली. घरात "सात" की "आठ" असा घोळ होऊ लागला. स, श, थ हे सगळे वरच्या हर्ट्झचे, तेच आधी पुसट होतात. मला अंदाज आला होता. नातीला बोलावलं आणि ट्वीटरला कान लावायला सांगितलं. "वाजतोय की आजी, मस्त वाजतोय!" दुसऱ्या आठवड्यात कानाच्या तपासणीला गेले. बंद खोली, हातात बटण, टुंई ऐकू आलं की दाबायचं. हातात आला तो आलेख मला न समजावता समजला. डावीकडे बरा, आणि ४,००० हर्ट्झपाशी आला की घाट उतरल्यासारखा खाली.

४,२०० लक्षात आहे ना? दादाने जिथे रेघ मारली होती, साधारण तिथेच माझ्या कानाने मारली. ट्वीटरच्या वाट्याला जे काम दिलं होतं नेमकं तेवढंच मला ऐकू येईनासं झालं होतं. वूफर अजून माझा होता.

२०२२ मध्ये यंत्रं घेतली. कानामागे एक बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्यातून निघालेली केसाएवढी तार आणि तिच्या टोकाला कानाच्या आत बसणारा स्पीकर. त्याला ते लोक रिसीव्हर म्हणतात, पण आहे तो स्पीकरच. माझा सहावा, आणि आधीच्या पाचांच्या एकत्र किमतीपेक्षा महाग.

बोलणं सुधारलं. कुकरची शिट्टी सुधारली, नको इतकी. संध्याकाळी मोठ्या उत्सुकतेने तंबोरा लावला आणि पोटात गोळा आला. सूर थरथरत होता, डळमळत होता, मध्येच एक भलताच सूर त्याच्याशी भांडत होता. जणू कुणी खुंटी पिळत बसलंय. सीडी बदलली, तेच. यंत्रं काढून ठेवली, तर तंबोरा स्थिर, पण मुका.

त्याचं कारण ऑडिओलॉजिस्ट मुलीने सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं कळेना. यंत्राचा स्वतःचाच आवाज त्याच्या माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. ती दाबायला आत एक बंदोबस्त असतो. एकसारखा लांबत राहणारा सूर दिसला की ही शिट्टीच, असं समजून तो तिला पुसायला धावतो. बासरी, व्हायोलिन, तंबोरा, सगळ्यांचा गुन्हा हाच की ते एका सुरावर टिकून राहतात. चार पिढ्या ज्या स्थिरतेसाठी सतारमेकर गल्लीत घोड्या घासत बसल्या, ती या यंत्राच्या लेखी बिघाड! तिने संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून दिला, त्यात हा बंदोबस्त सौम्य केलेला असतो. बराच फरक पडला.

याबद्दल वाचताना एक नाव समोर आलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एडगर व्हिल्चर. दादाचा व्हिल्चर! १९६७ साली त्याने स्पीकरची कंपनी विकली आणि पुढचं आयुष्य बरंचसं श्रवणयंत्रांच्या संशोधनात घातलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज मात्र पूर्ण टोचतो. मधली पट्टी अरुंद झालेली असते. म्हणून सगळं सरसकट मोठं न करता हळू ते जास्त वाढवायचं, मोठं ते कमी, आणि तेही वरच्या-खालच्या सुरांसाठी वेगवेगळ्या प्रमाणात, हे त्याने १९७३ साली प्रसिद्ध केलेलं काम. आजची यंत्रं त्याच वाटेने चालतात. तो २०११ साली गेला. म्हणजे आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत, गादीच्या कापसाआड, एका टोकाला त्याची हवेची स्प्रिंग आणि दुसऱ्या टोकाला, माझ्या कानात, त्याचंच हे दुसरं डोकं. दादाला हे सांगायला हवं होतं. त्याने लगेच वही काढली असती.

सध्या रोज संध्याकाळी सात वाजता हे बातम्यांसाठी आत जातात आणि मी दादाच्या पेट्यांसमोर बसते. यंत्रं संगीताच्या प्रोग्रॅमवर. खर्ज वूफरमधून पूर्वीसारखाच येतो, पायाखालून. वरचा जवारीचा पदर येतो, पण अजून थोडा पत्र्यासारखा, आणि डाव्या कानात षड्जाच्या जोडीच्या दोन तारा एकमेकींत पूर्ण मिसळत नाहीत. येत्या गुरुवारी पुन्हा बोलावलं आहे. या वेळी नुसतं टुंईटुंईवर भागवायचं नाही असं त्या मुलीला फोनवर सांगून ठेवलंय. तंबोऱ्याची सीडी बरोबर घेऊन जाणार आहे. ती म्हणाली, "आजी, आमच्याकडे सीडी प्लेअर नाही हो." तेव्हा नातीने ती फोनमध्ये उतरवून दिली आहे, आणि तो डब्यासारखा स्पीकरही दोन तासांसाठी उसना मिळाला आहे.